सोडले दूध, पर्याय मिळाला मांसाचा

वैद्यकीय व्यवसायातील माणसाची आहारविषयक प्रश्नांपासून सुटका नसते. लग्नाच्या पंगतीत, गणेशोत्सवाच्या मांडवात, भिशीच्या गप्पांत, "डॉक्टर, तूप खावे की न खावे?" येथून सुरुवात होते आणि बोलणे भातापर्यंत जाऊन पोहोचते. अलीकडे या जुन्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "आमची मुलगी व्हीगन झाली आहे. चालेल ना?" विचारणारे आईवडील येथले, इंदूरचे, मुलगी बंगळुरूला, टोरंटोला किंवा न्यू जर्सीला. प्रश्नापाठोपाठ स्वतःचीच समजूत घालणारे एक वाक्य येते: "तशी काळजी नाही म्हणा. तिकडे आता सगळे मिळते. वनस्पतींपासून केलेले मांससुद्धा मिळते."

या दुसऱ्या वाक्याविषयी मला लिहायचे आहे. वनस्पतिजन्य मांस हे मांसाहारी समाजापुढील एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते बऱ्याच अंशी प्रामाणिक उत्तर आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरातील मूल जेव्हा व्हीगन होते, तेव्हा ते मांस सोडत नाही. मांस त्याने कधी खाल्लेलेच नसते. ते सोडते दूध. आणि बाजार त्याच्या हाती पर्याय ठेवतो तो मांसाचा! या विसंगतीकडे आपण डॉक्टरांनी वेळीच लक्ष दिले नाही, तर तिची किंमत आपल्याच समाजातील तरुण मुली, गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे मोजतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्दाचा अर्थ

'व्हीगन' हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी त्या वर्षी 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली. दूध आणि अंडीही वर्ज्य मानणाऱ्या शाकाहाऱ्यांना स्वतःसाठी वेगळे नाव हवे होते, ते त्यांनी घडवले. मराठीत याला अद्याप रूढ झालेला शब्द नाही, कारण ती कल्पनाच आपल्याकडे नव्हती. आपल्या शाकाहारात दूध, दही, ताक, लोणी, तूप हे केवळ चालते असे नाही, ते पवित्र मानले जाते. पंचामृतातील पाचांपैकी तीन पदार्थ गाईचे आणि चौथा, मध, तोही व्हीगन मंडळींना चालत नाही. उरते ती एक साखर. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि स्वतंत्र चिन्हही ठरवून दिले. म्हणजे शासनाच्या लेखी 'शाकाहारी' आणि 'व्हीगन' हे दोन वेगळे वर्ग झाले. आपल्या दवाखान्यांतील केसपेपरवर मात्र ते अजून एकच आहेत.

मीटलोफ आणि त्याचा वनस्पतिजन्य अवतार

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत मीटलोफ या पदार्थाला जे स्थान आहे, ते आपल्याकडे पिठल्याला आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. खिम्यात पावाचा चुरा, कांदा, अंडे, दूध मिसळून त्याचा पावासारखा उंडा करायचा, वरून टोमॅटोच्या सॉसचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचे आणि कापून वाढायचे. १९३० च्या दशकातील महामंदीत हा पदार्थ विशेष लोकप्रिय झाला, कारण पावाच्या चुऱ्यामुळे थोडे मांस अनेकांना पुरत असे. त्याचा उगम काटकसरीत आहे. त्यामुळे तो बहुतेक अमेरिकन घरांत आईच्या हातची आठवण म्हणून टिकून राहिला आहे.

मांस सोडू पाहणाऱ्या अमेरिकन माणसाला अडचण येते ती नेमकी येथे. त्याला प्रथिने सोडवत नाहीत असे नाही. आईच्या हातची चव सोडवत नाही. वनस्पतिजन्य खिम्याचा जन्म या गरजेतून झाला. ही कल्पना तशी जुनी आहे. बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच शेंगदाणा आणि गव्हाचे प्रथिन यांपासून मांसाचा पर्याय काढला होता. १९६० च्या दशकात तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाला उष्णता व दाब देऊन तंतुमय पोत आणण्याचे तंत्र अमेरिकेत व्यापारी पातळीवर आले. आपल्या घरातील सोयाबीनच्या वड्या त्याच तंत्राने होतात. २००९ साली एथन ब्राउन यांनी 'बियॉन्ड मीट' आणि २०११ साली स्टॅनफर्डचे जीवरसायनतज्ज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी 'इम्पॉसिबल फूड्स' सुरू केली. पहिलीने वाटाण्याचे प्रथिन घेतले, दुसरीने सोयाबीनचे. दुसरीची युक्ती तर मोठी मनोरंजक आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते आपल्या हिमोग्लोबिनचे दूरचे नातलग. त्यातही हीम असते. यीस्टकडून ते तयार करून घेऊन खिम्यात मिसळले की लाल रंग येतो आणि भाजताना मांसासारखी चव येते. ज्या माळव्यात कोसोगणती सोयाबीन उभे असते, तेथील माणसाने ही युक्ती कौतुकाने पाहावी अशीच आहे.

करून पाहिल्यावर

पदार्थ केल्याशिवाय त्यावर मत देऊ नये, हा माझ्या आईचा नियम. गेल्या खेपेस मुलीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी नातीने हा लोफ करायचे ठरवले. ती कॉलेजात गेल्यापासून व्हीगन आहे. मीही पदर खोचून तिच्या जोडीला उभी राहिले.

आठ माणसांसाठी साधारण पाऊण किलो खिमा घेतला. कांदा, गाजर, सेलरी आणि लसूण बारीक चिरून आधी तेलावर चांगले परतले, कारण भाज्यांतील पाणी तसेच राहिले तर लोफ फुटतो. अंड्याच्या जागी दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात भिजवली. दहा मिनिटांत ती अंड्याच्या बलकासारखी चिकट होते. आपण जवसाची चटणी करतो, पण त्याच्या या गुणाचा उपयोग फारसा करत नाही. वाटीभर ओट आणि पावाचा चुरा घातला. पावाच्या चुऱ्यात कित्येकदा दुधाची भुकटी असते, म्हणून नातीने पाकिटावरचा बारीक मजकूर वाचूनच तो आणला होता. वूस्टरशर सॉस या पदार्थात हमखास घालतात. पण पारंपरिक सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, म्हणून त्याऐवजी सोया सॉस आणि चमचाभर यीस्टचा अर्क. सर्व हलक्या हाताने एकत्र करून साच्यात दाबले, वर टोमॅटो केचप, मोहरीची पेस्ट आणि गूळसर साखर यांचा लेप दिला आणि १८० अंश सेल्सिअसला तासभर भाजले.

एक गोष्ट मात्र तेथे लक्षात आली. मांसाचा लोफ भाजला की त्यातील प्रथिने गोठतात आणि थंड झाल्यावरही तो घट्ट राहतो. वनस्पतिजन्य खिम्याला धरून ठेवते ते मिथाइलसेल्युलोज. त्याचा स्वभाव उलटा आहे. ते गरम असताना घट्ट होते आणि निवताना पुन्हा सैल पडते. म्हणून ओट आणि जवस यांचा आधार येथे अत्यावश्यक ठरतो. भट्टीतून काढल्यावर पंधरा मिनिटे थांबून कोमट असतानाच काप करावेत. कोथिंबीर वडीचा उंडा निवू देऊन मग कापणाऱ्या आपल्या हातांना ही उलटी शिस्त लावून घ्यावी लागते.

लोफ उत्तम झाला. टर्कीच्या जागी तो टेबलाच्या मध्यभागी बसला. जावईबापूंचे अमेरिकन मित्र दोनदा मागून घेते झाले. नात मला म्हणाली, "आजी, बघ, यात कुठल्याही प्राण्याचं काहीही नाही." मी म्हटले, "ते कळलं गं. पण तू घरी असताना दोन वेळा दूध प्यायचीस, त्याच्या जागी काय घेतेस?" ती क्षणभर थांबली आणि तिने लोफकडे बोट दाखवले.

ते बोट चुकीच्या ताटाकडे होते.

गुणदोष

आधी या खिम्याचे श्रेय त्याला देऊ. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आणि लाल मांस संभाव्य कर्करोगकारक ठरवले. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक छोटा पण नीटनेटका अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ व्यक्तींनी आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य मांस असे आळीपाळीने खाल्ले. वनस्पतिजन्य मांसाच्या काळात त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे १० मिलिग्रॅमने आणि वजन सुमारे एक किलोने कमी भरले; हृदयविकाराशी संबंध जोडला गेलेले टीएमएओ हे द्रव्यही कमी आढळले. या अभ्यासाला अर्थसाह्य वनस्पतिजन्य मांस बनवणाऱ्या कंपनीचेच होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. परंतु निष्कर्ष शास्त्राला धरून आहेत. आपल्या समाजातही मांसाहारी घरे पुष्कळ आहेत. तेथील सॉसेज आणि सलामीची सवय लागलेल्या तरुणाने त्याऐवजी हा खिमा खाल्ला तर मी त्याला अडवणार नाही.

पण या अभ्यासातील तुलना मांसाशी आहे, वरणाशी नाही. ज्याच्या घरी तूर, मूग, मसूर, हरभरा, मटकी रोज शिजते त्याच्यासाठी हा खिमा प्रगती ठरत नाही. ११३ ग्रॅमच्या एका भागात १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात हे खरे, पण त्याबरोबर ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियमही येते. साध्या कच्च्या मांसात ते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच असते. त्या दिवशीच्या लोफचा मी सहज हिशेब केला. खिमा, सोया सॉस, केचप आणि पावाचा चुरा मिळून एका कापात ६०० मिलिग्रॅमच्या पुढे सोडियम होते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगितली आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवावे. काही उत्पादनांत खोबरेल तेलामुळे संपृक्त स्निग्धांशही बराच असतो. शिवाय हा अतिप्रक्रियायुक्त पदार्थ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० व्यक्तींवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अतिप्रक्रियायुक्त आहार दिला असता माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खातात असे दिसले. तो प्रयोग या खिम्यावरचा नव्हता. परंतु सावधगिरीसाठी पुरेसा आहे.

हे सारे दोष सांभाळून घेता येण्यासारखे आहेत. न सांभाळता येण्यासारखा धोका दुसरीकडे आहे.

दुधाची रिकामी जागा

जीवनसत्त्व ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते तयार करतात जिवाणू. प्राण्यांच्या शरीरातून ते आपल्यापर्यंत येते. शाकाहारी माणसाचा त्याच्याशी उरलेला एकमेव भरवशाचा दुवा म्हणजे दूध. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. अर्धा लीटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते आणि उकळताना त्यातीलही काही नष्ट होते. आता प्रामाणिकपणे विचार करावा: आपल्याकडील किती प्रौढ स्त्रिया दिवसाला अर्धा लीटर दूध घेतात? बहुतेकींच्या वाट्याला येते ते चहातील चमचाभर.

म्हणूनच दूध 'घेणाऱ्या' समाजातही स्थिती आधीच नाजूक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा प्रदीर्घ अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, दोन तृतीयांश गरोदर मातांमध्ये ब-१२ कमी होते; तांबड्या पेशींतील फोलेट कमी असलेली मात्र केवळ एक आढळली. ज्या मातांमध्ये फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. मधुमेहाची बीजे पोटातच पेरली जातात की काय, हा विचार करायला लावणारा तो निष्कर्ष होता.

यीस्टच्या अर्काचा उल्लेख वर आला आहे. त्याचा आणि आपल्या मुंबईचा संबंध फार जुना आहे. डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली जगापुढे मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक ॲसिड. यीस्ट फोलेट देते, ब-१२ देत नाही. बाहेरून मुद्दाम मिसळले असेल तरच यीस्टमध्ये ब-१२ असते. 'मी न्यूट्रिशनल यीस्ट खाते, मला काळजी नाही', असे सांगणाऱ्या मुलीला डबा उलटून लेबल वाचायला सांगणे हे आपले काम आहे. वनस्पतिजन्य खिम्याचेही तेच. काही उत्पादक त्यात ब-१२ घालतात. सर्वच घालतात असे गृहीत धरू नये.

येथे एक जुना वैद्यकीय सापळा आहे. आपल्या शाकाहारी ताटात पालेभाज्या आणि डाळी भरपूर, म्हणजे फोलेट भरपूर. त्यामुळे ब-१२ कमी होऊनही रक्तक्षय उशिरा दिसतो; मज्जासंस्थेची हानी मात्र पडद्याआड चालू राहते. माझ्याकडे आलेली एक सव्वीस वर्षांची तरुणी याचेच उदाहरण होती. जन्मापासून शाकाहारी आणि तीन वर्षांपासून व्हीगन. पायांना मुंग्या येत. रात्री दिवा मालवून चालताना तोल जाई. हिमोग्लोबिन साडेबारा असल्याने आधी एका ठिकाणी तिला कामाचा ताण कमी करण्याचा सल्ला मिळाला होता. तपासताना पायाच्या अंगठ्याची दिशा तिला डोळे मिटून सांगता येईना. ब-१२ अत्यंत कमी निघाले. आहार विचारला तर उत्तर तयार होते: "मॅडम, मी आठवड्यातून तीनदा प्लांट-बेस्ड खिमा खाते. प्रोटीनची कमी नाही." प्रथिनांची कमी खरोखरच नव्हती. इंजेक्शनांनी काही महिन्यांत ती सुधारली. पण पावलांतील थोडी बधिरता मागे राहिली ती राहिलीच.

ज्याने लहानपणापासून मांस खाल्ले आणि तिशीत व्हीगन झाला, त्या अमेरिकन माणसाच्या यकृतात ब-१२ चा दोन ते पाच वर्षे पुरेल इतका साठा असतो. आपल्या मुलीचा डबा मुळातच अर्धा रिकामा असतो. त्यामुळे अमेरिकन व्हीगनचा अनुभव तिला लागू पडत नाही. तिचे मूल तर त्याहून रिकाम्या डब्यातून जन्माला येते. केवळ मातेच्या दुधावर वाढणारे, गुटगुटीत दिसणारे पण हसणे-बसणे विसरू लागलेले, हातापायांना कंप असलेले बाळ आपल्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेले आहे. पुस्तकात त्याला 'इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम' म्हणतात. त्या बाळाच्या आईला कोणी तरी वेळीच एक प्रश्न विचारला असता, तर ते टळू शकले असते.

आक्षेप आणि उत्तरे

"आपले पूर्वज कुठे गोळ्या खात होते?" हा आक्षेप नेहमीचा. आपले पूर्वज दूध-ताक सोडतही नव्हते. "आंबवलेल्या पदार्थांत, स्पिरुलिनात ब-१२ असते", असेही सांगितले जाते. इडली-आंबोळी पौष्टिक खरीच, पण ब-१२ साठी तिच्यावर विसंबता येत नाही. आणि स्पिरुलिनात असते ते मुख्यतः शरीराला निरुपयोगी असे छद्म-ब-१२.

दुसऱ्या बाजूने आपले काही वडीलधारे, आणि खेदाने सांगते, आपले काही व्यवसायबंधूही, या मुलांची थट्टा करतात किंवा त्यांना रागावतात. "दूध पी, खुळे चाळे सोड" असे सांगितलेले मूल दूध पीत नाही. ते डॉक्टरकडे यायचे सोडते. वासराचे दूध आपण घ्यावे का, हा त्याचा प्रश्न गंभीर आहे. ज्या भूमीने अहिंसेचा विचार जगाला दिला, तेथे तरी त्याला हसू नये. त्याच्या तत्त्वाला धक्का न लावता त्याची मज्जासंस्था वाचवता येते. बाजारातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनातूनच तयार होते, त्यात प्राण्याचा संबंध नाही. रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम, असा सल्ला खुद्द व्हीगन सोसायटीच देते. ज्यांनी हा शब्द घडवला, त्यांचेच हे सांगणे आहे. फक्त औषध लिहिताना एवढे पाहावे की कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य, असते आणि जोडीला येणारे ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढलेले असते. हे कळल्यावर रुग्ण ती कॅप्सूल गुपचूप कचऱ्यात टाकतो. साधी गोळी लिहिली की काम होते.

इंदूरचे उत्तर

आणि प्रथिनांसाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे पाहण्याचे कारणच काय? भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे सोयाबीनवरील राष्ट्रीय संशोधन १९८७ पासून आपल्या इंदुरातच चालते. किराणा दुकानात मिळणाऱ्या सोयाबीनच्या कोरड्या चुऱ्यात १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, स्निग्धांश नगण्य आणि मीठ आपण घालू तेवढेच. तो गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, शिजवलेला मसूर, ओट, जवसाची पूड, कांदा, आले-लसूण, कोथिंबीर घालून उंडा करावा. भट्टी नसेल तर कोथिंबीर वडीसारखा वाफवून काप तव्यावर परतावेत. तो मांसासारखा लागणार नाही. पण ज्याने मांस कधी खाल्ले नाही, त्याला मांसाची चव हवीच कशाला? दुधातून मिळणाऱ्या कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहेत. घरी काढलेल्या सोयाबीनच्या दुधात मात्र गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते आणि ब-१२ तर मुळीच नसते, हे विसरू नये.

आपण काय करावे

स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना माझी काही आग्रहाची विनंती आहे. रुग्णाला केवळ 'शाकाहारी की मांसाहारी' असे न विचारता 'दूध घेता का, आणि रोज किती' असे विचारावे. मेटफॉर्मिन वा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या शाकाहाऱ्यांत तर हे अधिकच आवश्यक, कारण दोन्ही औषधे ब-१२ चे शोषण कमी करतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनी फोलिक ॲसिड लिहिताना ब-१२ चा विचार केल्याशिवाय कागद पुढे सरकवू नये. भूलतज्ज्ञांनी नायट्रस ऑक्साइड देण्यापूर्वी आहार विचारावा. तो वायू ब-१२ निकामी करतो आणि आधीच कमतरता असलेल्या रुग्णात मज्जारज्जूची हानी उघड होऊ शकते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नये. आणि परदेशातील मुलांशी फोनवर बोलणाऱ्या आईवडिलांनी 'तिथे काय काय मिळते' हे विचारण्याबरोबरच, 'दुधाच्या जागी काय घेतोस' हेही विचारावे.

यासाठी मोठी योजना नको, निधी नको, ठराव नको. आपल्या सर्वांच्या केसपेपरवर आहाराचे दोन रकाने छापलेले असतात. पुढच्या छपाईत त्यांच्या शेजारी तिसरा रकाना घालावा: 'दूधही नाही'. त्या रकान्यात खूण झाली की त्याच भेटीत ब-१२ ची गोळी लिहावी. एवढ्या एका रेघेने काही पावले बधिर होण्यापासून वाचतील आणि काही बाळे वेळेवर हसू लागतील.